वीस पटाच्या आतली शाळा कोणी चालवायची?

कमी पटाच्या शाळांचा विषय निघाला की खान्देशात दोन वाक्यं ठरलेली असतात. पारावर आणि टीव्हीवरच्या चर्चेत ऐकू येतं, ‘सात पोरांमागे दोन मास्तर, सरकारनं किती दिवस पोसायचं?’ आणि जिल्हा परिषदेच्या गेटसमोरच्या मोर्चात ऐकू येतं, ‘गरिबाच्या पोराचं शिक्षण बंद पाडायचा हा डाव आहे.’ पहिलं वाक्य फक्त पट मोजतं, दुसरं फक्त शाळा मोजतं. ती शाळा आज चालवतं कोण, तिच्याबद्दल ठरवतं कोण आणि ती बिघडली तर उत्तर कोणी द्यायचं, हे दोन्ही बाजू विचारत नाहीत. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या पायी अंतरावरून हलवू नये, पट बारा असो की पाच. पण ती आज जशी एकटी आणि बेवारस चालते, तशीही चालू देऊ नये. दहा-बारा शाळांचं केंद्र हा शालेय कारभाराचा खरा घटक मानावा आणि शिक्षक, पैसा, जबाबदारी या तिन्ही गोष्टी तिथे आणाव्यात. सहावी ते आठवीचा हिशेब वेगळा आहे, त्याकडे शेवटी येतो.

हा वाद नवा नाही. २०१७ च्या अखेरीस राज्य सरकारनं दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत हलवण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही हीच दोन वाक्यं ऐकू आली होती. २०२३ मध्ये ‘समूह शाळा’ हा शब्द आला. वीसपेक्षा कमी पटाच्या राज्यातल्या १४,७८३ शाळांची यादी चर्चेत आली. त्यांत शिकणारी मुलं सुमारे १ लाख ८५ हजार, म्हणजे एका शाळेत सरासरी बारा-तेरा. ही मुलं वाहनानं मोठ्या शाळेत न्यावीत अशी कल्पना होती आणि नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातल्या पानशेतबरोबर आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळचं नाव पुढे आलं. मग मार्च २०२४ मध्ये संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मंजूर करायची याचे, नवे निकष आले आणि सहावी ते आठवीच्या गटात वीसपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळांना नियमित शिक्षकाचं पदच मिळेना. शाळा बंद झाली असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसलं, तरी शिक्षक काढून घेतल्यावर शाळेचं काय होतं हे कोणाला सांगायला हवं?

या सगळ्यात मोठी चूक अशी, की एकाच आकड्याला एकच कारण चिकटवलं गेलं. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट सोळा असेल, तर त्या गावात मुलं सोळाच आहेत असं नव्हे. बाकीची पोरं सकाळी व्हॅनमध्ये बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात आणि त्यांचे आईबाप त्यासाठी फी भरतात. तिथे शाळेवरचा विश्वास आटला आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी (धडगाव) तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर पट सोळा असेल, तर तिथे त्या वयाची मुलं मुळात तेवढीच आहेत. सातपुड्यातलं गाव म्हणजे मैदानावरच्या गावासारखी एका जागी घट्ट बसलेली वस्ती नसते. गावाचे आठ-दहा पाडे टेकड्यांवर विखुरलेले असतात आणि मध्ये नाले असतात. या मुलांनी शाळा सोडलेली नाही, त्यांना सोडून जायला दुसरी शाळाच नाही. शिवाय संचमान्यतेचा पट ३० सप्टेंबरचा धरतात. दिवाळीनंतर याच पाड्यांवरची कुटुंबं ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात आणि पोरं त्यांच्याबरोबर जातात. म्हणजे कागदावरचा आकडा फेब्रुवारीतल्या वर्गाशीही जुळत नाही. विश्वास आटलेली शाळा आणि लहान वस्तीची शाळा या दोघींना ‘वीसच्या आतली’ म्हणून एका यादीत घालणारा माणूस केळीपट्टा आणि सातपुडा या दोन्हींना नाशिकच्या किंवा पुण्याच्या खिडकीतून बघतो आहे.

आता विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. लहान शाळेत मूल एकटं पडतं, हे खरं आहे. तिसरीत एकच मुलगी असेल तर ती कोणाशी स्पर्धा करणार, कोणाशी भांडणार, कोणाबरोबर खेळणार? एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो आणि तो रजेवर गेला की शाळेला कुलूप. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही ही चिंता मांडली आहे. २०१६-१७ च्या माहितीनुसार देशातल्या सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत तीसपेक्षा कमी मुलं होती आणि एकशिक्षकी शाळा एक लाख आठ हजारांवर होत्या. ग्रंथालय, प्रयोगाचं साहित्य, खेळाचं मैदान, कलाशिक्षक यांतलं काहीच या शाळांना परवडत नाही. ‘गाव तिथे शाळा’ म्हणत मोर्चा काढणाऱ्यांनी याला उत्तर द्यायला हवं. बहुतेक जण देत नाहीत, म्हणून त्यांचं म्हणणं भावनिक वाटतं.

मी उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. शाळा एकत्र केल्या की वर्गागणिक शिक्षक मिळतो हा समज आधी तपासू. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार आणि १२१ च्या पुढे पाच. म्हणजे पंधरा-पंधरा पटाच्या दोन शाळा एकत्र केल्या तर तीस मुलं आणि दोन शिक्षक. चार शाळा एकत्र केल्या तर साठ मुलं, तरीही शिक्षक दोनच. आठ शाळा आणल्या तर १२० मुलं आणि चार शिक्षक, पाच इयत्तांना अजूनही एक कमी. इयत्तेला एक शिक्षक हवा असेल तर पंधरा पटाच्या नऊ शाळा एका जागी आणाव्या लागतील. अक्राणीत किंवा अक्कलकुव्यात पंधरा पटाच्या नऊ शाळांमधलं अंतर किती होतं, हे यादी करणाऱ्यांपैकी कोणी पावसाळ्यात चालून बघितलं आहे का? एकाच शिक्षकानं दोन-तीन इयत्ता शिकवणं हे ग्रामीण शाळेचं वास्तव आहे आणि ते पट वीसवरून चाळीसवर नेल्यानं बदलत नाही. या बदलात वाचतात ती शिक्षकांची पदं. आठ शाळांचे सोळा शिक्षक होते, तिथे आता चार पुरतात. ही बचत असेल तर ती बचत म्हणून मांडावी, गुणवत्ता म्हणून नव्हे.

‘मुलांना वाहन देऊ’ हे दुसरं उत्तर. वाहनानं शिक्षण वाढतं, हे मी मानतो. मानव विकास मिशनच्या निळ्या बसगाड्यांनी आठवीपासून पुढच्या मुलींना शाळेत पोचवलं, हे आपल्या भागात डोळ्यांनी दिसतं. पण ती मुलगी तेरा-चौदा वर्षांची असते. सहा वर्षांचं पोर डोंगरातल्या जीपमध्ये रोज बसवायचं ही गोष्ट वेगळी. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटर असं वेगळं अंतर धरलं, ते याच जाणिवेतून. तोरणमाळजवळच्या खडकी, सिंदीदिगरकडचे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना जून ते सप्टेंबर तिथे काय होतं हे ठाऊक आहे. मैदानावरच्या पिवळ्या व्हॅनचा अनुभव घेऊन तिथलं धोरण आखता येत नाही.

तोरणमाळच्या निवासी शाळेचं उदाहरण म्हणूनच जपून वापरायला हवं. पठारावर चांगली इमारत झाली, आजूबाजूच्या पाड्यांवरची मुलं तिथे राहून शिकू लागली, याचं मोल मी कमी करत नाही. आश्रमशाळा आणि वसतिगृहं नसती तर भिल्ल, पावरा, मावची घरांतून आज जे शिक्षक, परिचारिका, तलाठी दिसतात ते दिसले नसते. पण दहा वर्षांच्या मुलासाठी जे शोभतं ते सहा वर्षांच्या मुलाला लावायचं का? निवासी शाळांमधल्या विद्यार्थ्यांच्या मृत्यूंची कारणं शोधायला याच राज्याला २०१६ मध्ये समिती नेमावी लागली होती. ताप आलेलं लहान मूल आईजवळ हवं, ही काही मागास आईची हट्टाची समजूत नाही. पहिलीतलं मूल घरापासून तोडायचं की निरक्षर ठेवायचं, एवढे दोनच पर्याय एखादी व्यवस्था आईपुढे ठेवत असेल, तर दोष त्या व्यवस्थेच्या रचनेत आहे.

ही रचना पूर्वी एकदा सुधारली होती, हे आपण विसरलो. वस्तीवरची लहान पोरं गावातल्या शाळेपर्यंत चालत येत नाहीत हे ध्यानात आल्यावर २०००-०१ च्या सुमारास राज्यानं वस्तीशाळा काढल्या. त्याच वस्तीतला किंवा जवळचा थोडा शिकलेला तरुण नाममात्र मानधनावर शिकवू लागला. झोपडीत, ओट्यावर, झाडाखाली वर्ग भरले. पुढे या शाळा नियमित प्राथमिक शाळा झाल्या आणि त्यांतल्या निमशिक्षकांना २०१४ मध्ये सेवेत घेतलं गेलं. आज वीसच्या आतल्या यादीत यातल्या कितीतरी शाळा सापडतील. ज्या कारणासाठी त्या उघडल्या, ते अंतराचं कारण संपलेलं नाही. नर्मदाकाठची गोष्ट त्याहून बोलकी आहे. सरदार सरोवराच्या बुडित क्षेत्रातल्या गावांत कागदावर शाळा होत्या, पण शिक्षक फिरकत नव्हते. म्हणून नर्मदा बचाव आंदोलनातल्या गावांनीच १९९१-९२ च्या सुमारास जीवनशाळा सुरू केल्या. तिथे गावातलेच तरुण शिकवत, पोरांच्या बोलीपासून सुरुवात होई आणि देखरेख गावाची असे. धरणाबाबतची त्यांची भूमिका कोणाला पटो न पटो, सरकारी यंत्रणेला जी शाळा दहा वर्षांत भरवता आली नाही ती त्या लोकांनी भरवली, हे नाकारता येत नाही. फरक पटाचा नव्हता, शाळा कोणाला उत्तर देते याचा होता.

मग आज शाळा कोणाला उत्तर देते? धडगावच्या एखाद्या पाड्यावरचा शिक्षक घ्या. त्याची निवड पवित्र पोर्टलवर, पगार शालार्थवर, बदली ऑनलाइन, पाठ्यपुस्तक बालभारतीचं, प्रशिक्षण पुण्याहून आखलेलं, परीक्षा राज्यभर एकच. त्याच्या वर केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी, नाशिकचे उपसंचालक, पुण्याचे संचालक आणि आयुक्त, आणि मुंबईत मंत्रालय. शेजारची आश्रमशाळा मात्र आदिवासी विकास विभागाची. तिचं उत्तर प्रकल्प अधिकाऱ्याकडे, तिचे नियम वेगळे, तिच्या शिक्षकांची आस्थापना वेगळी. दोन शाळा एका हाकेच्या अंतरावर असल्या तरी एकीकडे गणिताचा शिक्षक जादा आणि दुसरीकडे जागा रिकामी, तर ही अदलाबदल करण्याचा अधिकार तालुक्यात कोणाकडेच नाही. हुकूम देणारे आठ, आणि शाळेला कुलूप दिसलं तर त्याच दिवशी दुसरा शिक्षक पाठवू शकेल असा एकही नाही.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या, तेव्हा प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आलं. तो काळाच्या पुढचा निर्णय होता. ७३ व्या घटनादुरुस्तीच्या अकराव्या अनुसूचीनं १९९२ मध्ये शिक्षण हा पंचायतींचा विषय म्हणून नोंदवला. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल, क्षेत्रात सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर आणि कर्मचाऱ्यांवर ग्रामसभा-पंचायतींचं नियंत्रण असावं असं म्हटलं. कागदावर अधिकार खाली येत राहिले आणि प्रत्यक्षात शासन निर्णयांनी ते वर जात राहिले. त्यात जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. निवडून आलेली शिक्षण समितीच नसताना शाळा ठेवायची की हलवायची हे ठरवायचं कोणी?

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला सर्वांत जास्त अडवतो. अधिकार खाली दिले तर ते गावगाड्यातल्या बळकटांच्या हातात जातात. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हेच सांगितलं होतं. नगरपालिकांनी प्राथमिक शाळांचा खर्च द्यावा, पण कारभार मात्र त्यांच्याकडे देऊ नये, शिक्षण खात्याच्या देखरेखीखाली ठेवावा. शेतकऱ्याच्या सारा-पट्टीतून पैसा गोळा होतो आणि शिक्षण वरच्यांच्या पदरात पडतं, हे पाहिलेल्या माणसाचं ते म्हणणं होतं. आजही ते जुनं झालेलं नाही. २०१७ पूर्वी शिक्षकांच्या बदल्यांचा बाजार कसा भरायचा, हे कोणत्याही जुन्या शिक्षकाला विचारा. ऑनलाइन बदल्या आल्या तेव्हा सामान्य शिक्षकानं सुटकेचा श्वास घेतला. तो अधिकार पुन्हा स्थानिक पुढाऱ्याच्या खिशात घाला असं मी म्हणणार नाही.

पण ऑनलाइन बदलीनं एक गोष्ट सुटली, तर दुसरी अडकली. अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली की शिक्षकाला बदलीचा हक्क मिळतो. नवा शिक्षक सपाटीवरून येतो, घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलणारा. पोरं पावरी किंवा भिलोरी बोलतात. पहिलं वर्ष एकमेकांना समजून घेण्यात जातं, दुसऱ्या वर्षी वर्ग रुळतो आणि तिसरं सरत आलं की तो यादीत नाव शोधू लागतो. त्याला दोष देता येत नाही, त्याचीही पोरं शाळेत जायची असतात. पण २०११ च्या जनगणनेत राज्यात सर्वांत कमी, ६४ टक्क्यांच्या घरात साक्षरता असलेल्या नंदुरबार जिल्ह्यात बोली शिकलेला शिक्षकच दर तीन वर्षांनी जाणार असेल, तर पट वाढवून काय साधणार?

म्हणून नेमणूक, निवड आणि जिल्ह्यांतर्गत बदली हे नियमानं, संगणकावर, वरूनच व्हावं. फुल्यांची भीती तिथे खरी आहे. मात्र शिक्षक नेमायचा तो शाळेवर नेमू नये, केंद्रावर नेमावा. आज दहा शाळांत वीस शिक्षक असतील तर ते वीस जण केंद्राचे असावेत. प्रत्येक शाळेला एक कायमचा शिक्षक, शक्यतो पोरांची बोली जाणणारा. बाकीचे गणित, भाषा, इंग्रजी, खेळ, चित्रकला यांत वाटून घेऊन आठवड्याच्या वेळापत्रकानं फिरावेत. सहा वर्षांच्या पोराला घाट चढवण्यापेक्षा मोटारसायकल असलेल्या तीस वर्षांच्या शिक्षकानं चढणं रास्त आहे. एक जण रजेवर गेला तर दुसरा त्याच दिवशी जातो. आठवड्यातून एक दिवस, रस्ता खुला असेल तेव्हा, सगळ्या पाड्यांची मुलं केंद्रशाळेत जमावीत. तिसरीतल्या एकट्या मुलीला त्या दिवशी तिच्या वयाच्या वीस मैत्रिणी भेटतील. ग्रंथालय, प्रयोगपेटी आणि खेळाचं साहित्य केंद्राचं असावं आणि ते फिरत राहावं. कोठारी आयोगानं १९६६ मध्ये सुचवलेलं शाळा संकुल यापेक्षा फार वेगळं नव्हतं. २०२० च्या धोरणातली संकुलाची कल्पनाही लहान शाळांनी साधनं वाटून घ्यावीत अशीच आहे. तिचा आधार घेऊन शाळा गुंडाळायच्या, हे त्या धोरणाचं सोयीस्कर वाचन आहे.

यासाठी केंद्रप्रमुख हवा आणि तिथेच आपली यंत्रणा सर्वांत पोकळ आहे. एका माणसाकडे दोन-दोन केंद्रांचा भार असतो, त्याचा बहुतेक वेळ माहिती गोळा करून ती वर पाठवण्यात जातो, आणि त्याच्या हातात ना पैसा ना अधिकार. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमानं शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बिगरशैक्षणिक कामं मोकळी ठेवली. प्रत्यक्षात खिचडीच्या नोंदींपासून निरनिराळ्या पोर्टलांपर्यंत सगळं त्यांच्याच मोबाइलवर येतं. दर केंद्राला एक लिपिक दिला तर वीस शिक्षकांचे किती तास वर्गाला परत मिळतील? आश्रमशाळाही शैक्षणिक बाबतीत त्याच केंद्राला जोडल्या तर खात्यांची भिंत निदान वर्गापुरती तरी खाली येईल. आणि केंद्राचा हिशेब दर तिमाहीत शाळा व्यवस्थापन समित्यांच्या एकत्र बैठकीत, पेसा क्षेत्रात ग्रामसभेपुढे, वाचून दाखवावा. या समित्यांत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदाच सांगतो. आज त्यांची बैठक बहुतेकदा सहीपुरती होते, कारण त्यांनी ठरवावं असं काही त्यांच्या हातात दिलेलंच नाही.

रावेर-यावलच्या शाळेला हे सगळं लागू नाही, हेही स्पष्ट म्हणतो. तिथे पाच-सात मिनिटांच्या अंतरावर जिल्हा परिषदेच्याच दोन शाळा असतील, रस्ता पक्का असेल आणि पालक तयार असतील, तर त्या एकत्र कराव्यात. तिथे इमारतीचा अभिमान धरून बसण्यात काही अर्थ नाही. मात्र त्याआधी पालक व्हॅनकडे का वळले हे त्यांना विचारावं. त्यांना इंग्रजी हवं आहे, शिस्त हवी आहे, वर्गात रोज शिक्षक हवा आहे. यातलं काहीच फक्त खाजगी शाळेची मक्तेदारी नाही.

राहिला सहावी ते आठवीचा प्रश्न. तिथे विषयशिक्षक लागतो, विज्ञानाचं साहित्य लागतं, आणि मूल तीन किलोमीटर चालू शकतं किंवा बसनं जाऊ शकतं. हे वर्ग मोठ्या शाळेत न्यायला माझा विरोध नाही. विरोध आहे तो क्रमाला. मार्च २०२४ च्या निकषांनी आधी शिक्षक काढून घेतला आणि वाहनाचं नंतर बघू म्हटलं. क्रम उलटा हवा. जिल्ह्यानं प्रत्येक शाळेचा जाण्यायेण्याचा रस्ता, त्यावरचे नाले, पूल नसलेल्या जागा लिहून काढाव्यात. त्या रस्त्यावर जून ते सप्टेंबर गाडी चालवून दाखवावी आणि ती किती दिवस आली नाही हे केंद्रशाळेच्या फळ्यावर रोज लिहावं. त्यानंतर सातवीचा वर्ग हलवायचा ठराव पालकांपुढे ठेवावा, आणि त्यांनी तो मंजूर करेपर्यंत तिथलं शिक्षकाचं पद कायम ठेवावं.